माळ्यावरच्या सर्व्हरची खिडकी घरच्या लॅपटॉपवर

आमच्या गिरगावातल्या वाचनालयाचा सर्व्हर पोटमाळ्यावर असतो. सर्व्हर म्हणजे एका ऑफिसातून मोडीत निघालेला काळा डबा. त्यात १६ जीबी रॅम, दोन हार्ड डिस्क आणि डेबियन नावाचं लिनक्स. त्याला मॉनिटर नाही, कीबोर्ड नाही, माउसही नाही. मॉनिटर होता, पण तो देवघेवीच्या काउंटरवर 'दोन दिवसांसाठी' गेला आणि तिथलाच झाला. माळ्यावर चढायला लाकडी शिडी आहे. मी बँकेच्या ईडीपी (म्हणजे संगणक) विभागातून निवृत्त झाले त्याच सुमारास माझे गुडघेही निवृत्त झाले.

काम असं की जुनी मासिकं स्कॅन होतात, मग स्कॅनटेलर नावाच्या प्रोग्रॅममध्ये पानं सरळ करायची, कडा छाटायच्या, दोन पानांचा एकत्र आलेला फोटो मधून कापायचा. हे सगळं डोळ्यांनी बघून, माउसने रेघ ओढून करावं लागतं. म्हणजे खिडकीवाला प्रोग्रॅम हवाच. आणि मी राहते मुलुंडला. सेंट्रलने दादर, पूल चढून वेस्टर्न, मग चर्नी रोड. जुलैत हा प्रवास होईल की नाही ते पाऊस ठरवतो.

'मग फायली घरी का नेत नाही काकू?' असं मला आमच्या एका स्वयंसेवक पोराने विचारलं. हिशेब करून दाखवला. ए-फोर आकाराचं पान ४०० डीपीआयला (दर इंचाला ४०० ठिपके) रंगीत स्कॅन केलं की ३३०७ गुणिले ४६७७ पिक्सेल होतात, प्रत्येकी तीन बाइट. म्हणजे न दाबलेलं एक पान सुमारे ४६ एमबी. तीनशे पानांचा एक खंड जवळजवळ १४ जीबी. एवढं रोज आणायचं आणि परत चढवायचं, त्यापेक्षा फायली तिथेच, प्रोग्रॅमही तिथेच, फक्त खिडकी घरी आणायची. ती कशी, ते लिहिते.

एक सूचना आधीच. कमांड मी फोनवर त्या पोराला सांगते तशा, उच्चारानुसार देवनागरीत लिहिल्या आहेत. टाइप करताना अर्थातच रोमन अक्षरं, आणि मी 'मोठा' म्हटलं तर कॅपिटल.

सर्व्हर नक्की कोण?

इथे सगळेच गोंधळतात, मीही गोंधळले होते. लिनक्सवर खिडक्या दाखवण्याची जुनी व्यवस्था म्हणजे एक्स विंडो सिस्टिम. १९८४ मध्ये अमेरिकेतल्या एमआयटीत ती सुरू झाली, आणि जिला आपण एक्स११ म्हणतो ती अकरावी आवृत्ती १९८७ ची. तिच्या भाषेत पडदा, कीबोर्ड आणि माउस ज्याच्या ताब्यात, तो 'सर्व्हर'. खिडकी मागणारा प्रोग्रॅम हा 'क्लायंट'. म्हणजे एक्सच्या हिशेबात माझ्या डायनिंग टेबलावरचा लॅपटॉप सर्व्हर, आणि माळ्यावरचा डबा गिऱ्हाईक. गिऱ्हाईक येऊन म्हणतं, 'मला एक खिडकी द्या.'

हे डोक्यात उलटं बसलं तर पुढची प्रत्येक दुरुस्ती तुम्ही चुकीच्या मशिनवर करता. माळ्यावर एक्सचा अख्खा पसारा, ग्राफिक्सचे ड्रायव्हर, लॉगिनचा रंगीत पडदा, यातलं काहीही बसवावं लागत नाही. ते तुमच्या समोरच्या मशिनवर लागतं.

लॅपटॉपवर लिनक्स असेल तर ते आहेच. हल्ली डेस्कटॉप वेलँड नावाच्या नव्या व्यवस्थेवर गेलेत, पण त्यांच्या पोटात एक्सवेलँड नावाचा दुभाष्या असतो, तो जुन्या एक्स प्रोग्रॅमना सांभाळून घेतो. विंडोज ११ असेल आणि त्यात डब्ल्यूएसएल (विंडोजच्या आत लिनक्स चालवण्याची सोय) बसवलेलं असेल तर तिथेही सोय तयार असते; नसेल तर व्हीसीएक्सएसआरव्ही किंवा मोबाएक्सटर्म घ्या. मॅकवर एक्सक्वार्ट्झ, आणि ते बसवल्यावर एकदा लॉगआउट करून परत या. हे न करता 'चालत नाही' म्हणून फोन करणारे मला दोघे भेटले आहेत.

डब्यापर्यंत एसएसएचने (दूरच्या मशिनवर सुरक्षितपणे लॉगिन करायचं साधन) पोचता येतं हे मी गृहीत धरते. वाचनालयाच्या इंटरनेटला स्वतःचा बाहेरचा पत्ता नाही, एकच पत्ता अनेक गिऱ्हाइकांत वाटलेला असतो, त्यामुळे राउटरमध्ये पोर्ट उघडून उपयोग शून्य. आम्ही दोन्हीकडे टेलस्केल (मशिनना खाजगी जाळ्यात जोडणारा प्रोग्रॅम) टाकलं आणि तो विषय संपवला.

पहिली खिडकी

डब्यावर दोनच गोष्टी लागतात. एक, एक्सऑथ नावाचं छोटंसं पॅकेज. दोन, चाचणीसाठी एक्स११-ॲप्स.

सुडो एपीटी इन्स्टॉल एक्सऑथ एक्स११-ॲप्स

मग ईटीसीच्या आतल्या एसएसएच फोल्डरमधली एसएसएचडी-अंडरस्कोर-कॉन्फिग फाइल उघडा आणि 'एक्स११फॉरवर्डिंग' पुढे 'यस' आहे ना ते बघा. डेबियन आणि उबुंटू ते यस करूनच देतात. इतर ठिकाणी मूळचं नो असू शकतं. बदललं तर एसएसएचची सेवा रिस्टार्ट करा. आता लॅपटॉपवरून:

एसएसएच -वाय काकू@माळा

वाय मोठा; काकू हे माझं युजरनाव, माळा हे डब्याचं नाव. आत गेल्यावर:

इको $डिस्प्ले

डिस्प्लेची सगळी अक्षरं मोठी. उत्तर 'लोकलहोस्ट:१०.०' असं आलं की अर्धी लढाई जिंकली. हा दहा आकडा आभाळातून पडलेला नाही. एक्सचे पडदे ६००० पासूनच्या पोर्टवर मोजतात, आणि मशिनला खरेच पडदे असतील तर त्यांच्याशी टक्कर नको म्हणून एसएसएच दहापासून सुरुवात करतं. म्हणजे डब्यावर ६०१० वर एक खोटा पडदा उभा आहे, आणि त्यावर टाकलेलं सगळं एसएसएचच्या बोगद्यातून तुमच्याकडे येतं. दुसऱ्या कुणी त्याच वेळी लॉगिन केलं तर त्याला अकरा मिळेल. म्हणून हा आकडा हाताने कुठल्याही स्टार्टअप फाइलमध्ये लिहून ठेवू नका. एसएसएच तो स्वतः भरतं. मी एकदा शहाणपणा करून लिहिला होता, आणि माझी खिडकी दुसऱ्याच्या पडद्याचं दार वाजवत बसली.

आता 'एक्सआइज' टाइप करा. दोन मोठे डोळे उघडतात आणि माउस जाईल तिकडे बघतात. एवढंच त्याचं काम. पण गिरगावच्या माळ्यावरून आलेले ते डोळे मुलुंडमध्ये माझ्याकडे वळले तेव्हा मी चहा ठेवायचा विसरले.

वाय ऐवजी मोठा एक्स वापरा, असं बरेच जण सांगतात. फरक असा: एक्सने आलेल्या प्रोग्रॅमवर 'अविश्वासू' असा शिक्का बसतो, त्याला तुमच्या इतर खिडक्यांत डोकावता येत नाही, आणि २० मिनिटांनंतर नवीन प्रोग्रॅमची खिडकी उघडू दिली जात नाही. जेवून आलात आणि नवा प्रोग्रॅम उघडेना, तर कारण बहुतेक हे. वायने मात्र पूर्ण विश्वास टाकला जातो. पलीकडचा प्रोग्रॅम ठरवलं तर तुमची कळ न् कळ टिपू शकतो. डेबियन-उबुंटूच्या लॅपटॉपवर गंमत म्हणजे दोन्हीचा अर्थ मुळातच सारखा ठेवलेला आहे, एक्स लिहिलं तरी पूर्ण विश्वासच. तेव्हा नियम साधा ठेवा: स्वतःच्या डब्याशी वाय, परक्याच्या मशिनशी यातलं काहीच नाही. आणि कुणी 'एक्सहोस्ट प्लस' चालवा म्हणालं तर ऐकू नका. ते म्हणजे बाहेरगावी जाताना दार सताड उघडं टाकणं.

रोज एवढं टाइप करायचं नसेल तर लॅपटॉपवरच्या होम फोल्डरमधल्या डॉट-एसएसएचमध्ये कॉन्फिग नावाची फाइल करा. तिच्यात होस्ट माळा, त्याखाली पत्ता, युजर, 'फॉरवर्डएक्स११ यस', 'फॉरवर्डएक्स११ट्रस्टेड यस', 'कॉम्प्रेशन यस' आणि 'सर्व्हरअलाइव्हइंटरव्हल ३०'. शेवटच्या ओळीमुळे दर ३० सेकंदांनी विचारपूस होत राहते आणि राउटर कंटाळून जोडणी तोडत नाही. यानंतर 'एसएसएच माळा' एवढं पुरतं.

उघडत नाही तेव्हा

'कॅनॉट ओपन डिस्प्ले' हा संदेश तुम्हाला दिसणार. त्यात अर्धं उत्तर असतं, नीट वाचा. डिस्प्लेचं नाव रिकामं असेल तर फॉरवर्डिंग झालंच नाही: वाय विसरलात, किंवा एक्सऑथ नाही, किंवा कॉन्फिगमध्ये नो आहे. अशा वेळी एसएसएचला '-व्ही' जोडून परत लॉगिन करा, तो काय मागतोय आणि काय नाकारलं जातंय ते सगळं बडबडतो.

नाव आहे, लोकलहोस्ट:१०.० असं व्यवस्थित आहे, तरी नकार. हे माझ्या बाबतीत झालं ते सविस्तर सांगते, कारण त्यात माझे दोन दिवस गेले.

एका जुलैत रोज चालणारं स्कॅनटेलर अचानक उघडेना. एसएसएच लॉगिन होत होतं. डिस्प्ले भरलेला. एक्सआइज टाकलं तर 'राँग ऑथेंटिकेशन' म्हणून नकार. मी लॅपटॉप रिस्टार्ट केला. टेलस्केल काढून परत टाकलं. पावसामुळे लाइन खराब असेल म्हणून इंटरनेटवाल्याला दोन फोन केले, त्या बिचाऱ्याचा काडीचा संबंध नव्हता. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी लॉगिन करताना चष्मा होता आणि घाई नव्हती. तेव्हा दिसली एक ओळ: 'एक्सऑथ: अनेबल टू राइट ऑथॉरिटी फाइल'. ती दोन दिवस रोज येत होती, आणि मी तिच्यावरून नजर फिरवून पुढे जात होते.

झालं होतं असं. एक्स प्रत्येक जोडणीला एक गुप्त कुकी देतं. ती डब्यावर तुमच्या होम फोल्डरमधल्या डॉट-एक्सऑथॉरिटी फाइलमध्ये लिहिली जाते आणि खिडकी मागताना दाखवावी लागते. आमच्या त्या पोराने १९५० च्या दशकातल्या एका मासिकाचे खंड उत्साहाने ओळीने स्कॅन करून होममध्येच टाकले होते. डिस्क १०० टक्के भरली. कुकी लिहायला पन्नासेक बाइटसुद्धा जागा नव्हती. डिस्कची मोकळी जागा दाखवणारं 'डीएफ -एच' चालवलं असतं तर पहिल्या मिनिटात कळलं असतं. आता मी खिडकी नाकारली गेली की नेटवर्ककडे बघायच्या आधी डिस्क बघते, आणि स्कॅन दुसऱ्या डिस्कवर जातात.

त्याच फाइलचे आणखी दोन खोडसाळपणे. होम फोल्डरमध्ये डॉट-एक्सऑथॉरिटी-सी आणि -एल अशा शेपट्यांच्या फायली उरल्या असतील तर त्या आधीच्या अर्धवट प्रयत्नाची कुलपं असतात. लॉगिनला बराच वेळ लागून 'लॉकिंग'ची तक्रार येते. त्या पुसून टाका. आणि सुडोने, म्हणजे 'रूट' या प्रशासकाच्या अधिकाराने, खिडकीवाला प्रोग्रॅम उघडू नका. कुकी तुमच्या नावावर, प्रोग्रॅम रूटच्या नावावर, दारातच अडवणार. रूटचं काम कमांडने करा.

टीमक्स (जोडणी तुटली तरी टर्मिनल जिवंत ठेवणारा प्रोग्रॅम) वापरणाऱ्यांसाठी एक ओळ: जुन्या टीमक्समध्ये परत शिरलात की आतल्या शेलला कालचा डिस्प्ले आठवत असतो. टीमक्समध्ये नवीन खिडकी उघडा, तिला ताजा मिळतो.

चौकोन चौकोन

पानं सरळ झाली की मजकूर काढायचा आणि तपासायचा. तपासण्यासाठी आम्ही जीइमेजरीडर वापरतो. डावीकडे पान, उजवीकडे ओळखलेला मजकूर. पहिल्यांदा उघडलं तर उजवीकडे अक्षरांच्या जागी रिकामे चौकोन. मी लॅपटॉपवर फॉन्ट टाकत बसले. लॅपटॉपवर मराठी फॉन्ट इतके होते की लग्नपत्रिका छापल्या असत्या. चौकोन हलेनात.

कारण परत तेच, कोण कुठे चालतंय. पूर्वी एक्समध्ये फॉन्ट पडद्याच्या बाजूला असायचे. आताचे प्रोग्रॅम अक्षर स्वतः रंगवतात आणि रंगवलेलं चित्र पाठवतात. रंगवणारा माळ्यावर बसलाय, तेव्हा फॉन्टही माळ्यावरच हवेत. डबा बिनपडद्याचा म्हणून कुणी त्यावर फॉन्ट टाकलेच नव्हते.

सुडो एपीटी इन्स्टॉल फॉन्ट्स-लोहित-देवा फॉन्ट्स-नोटो-कोर

मग 'एफसी-लिस्ट :लँग=एमआर' चालवा. यादीत नावं आली की डब्याला मराठी येतं. प्रोग्रॅम बंद करून परत उघडा. 'र्‍या' आणि 'ऱ्ह' दिसले की पुढे चला.

फायलींची नावं मराठीत ठेवली असतील आणि ती प्रश्नचिन्हं होऊन दिसत असतील तर लोकेल, म्हणजे भाषेची सेटिंग, बघा. 'सुडो डीपीकेजी-रीकॉन्फिगर लोकेल्स', त्यात मराठी किंवा भारतीय इंग्रजीचा यूटीएफ-८ निवडा. लॉगिनच्या वेळी 'सेटलोकेल'ची कुरकुर होत असेल तर तीही त्याने थांबते.

टायपिंगचा घोळ वेगळा. लॅपटॉपवर कीबोर्ड लेआउट म्हणूनच बसवलेलं मराठी इनस्क्रिप्ट माळ्यावरच्या प्रोग्रॅममध्ये नीट उमटतं, कारण कुठली कळ म्हणजे कुठलं अक्षर हा तक्ता प्रोग्रॅम लॅपटॉपच्या एक्सकडूनच घेतो. पण आयबससारख्या साधनातून 'रोमनमध्ये लिहा, मराठी उमटेल' अशी सवय असेल तर पंचाईत. ते साधन लॅपटॉपवर आणि प्रोग्रॅम डब्यावर, दोघांची भेटच होत नाही. आमच्या पोराला फोनेटिकशिवाय जमत नाही; त्याला मी केएजीएपीए नावाचा मराठी फोनेटिक लेआउट लावून दिला, तो लेआउटच असल्यामुळे पलीकडे जातो. मी स्वतः इनस्क्रिप्टवाली. बँकेत शिकले तेव्हा कुरकुरले होते.

वेग, आणि दादरला गाडी बदलताना

एक्स हे एका इमारतीतल्या नेटवर्कसाठी जन्मलं. ते फार बोलकं आहे: हे विचारू, त्याचं उत्तर येऊ दे, मग ते विचारू. समजा मेनू उघडताना शंभर वेळा ये-जा झाली. घरच्या लाइनवर एका फेरीला ८ मिलिसेकंद लागतात, म्हणजे पाऊण-एक सेकंद. मोबाइल हॉटस्पॉटवर ७० लागले तर सात सेकंद. इंटरनेटचा स्पीड दुप्पट केला तरी हे सात सेकंद हलत नाहीत, कारण पाइप लहान नाही, रस्ता लांब आहे.

चित्रांच्या बाबतीत मात्र पाइपच लहान पडतो. १९२० गुणिले १०८० चा पूर्ण पडदा म्हणजे न दाबलेले सुमारे ८.३ एमबी (पडद्यावर प्रत्येक पिक्सेलला चार बाइट). वाचनालयाचा अपलोड २० एमबीपीएस, आणि तिथे एमबी म्हणजे मेगाबिट, मेगाबाइटचा आठवा भाग. एकदा पान सरकवलं की तीन सेकंदांहून जास्त. स्कॅन केलेलं पान बरंचसं पांढरं असतं, त्यामुळे एसएसएचचं कॉम्प्रेशन मदत करतं, पण पिवळट जुना कागद रंगीत असेल तर फार नाही. खिडकी लहान ठेवणं हा सर्वात स्वस्त उपाय.

या दोन्हींपेक्षा वाईट म्हणजे जोडणी तुटणं. एसएसएच तुटलं की एक्सची खिडकी नुसती गायब होत नाही, माळ्यावरचा प्रोग्रॅमही मरतो. त्याचा पडदा गेला, तो जगणार कशावर? मी एकदा गाडीत सीट मिळाली म्हणून हौसेने लॅपटॉप उघडला आणि कुर्ल्यापर्यंत चाळीस पानं सरळ केली. दादरला उतरताना झाकण मिटलं. चर्नी रोडला उघडलं तर खिडकी नाही, प्रोग्रॅम नाही, चाळीस पानं नाहीत. सेव्ह करायला हवं होतं, हे मला कुणी सांगू नये.

तेव्हापासून एक्सप्रा. हा प्रोग्रॅम डब्यावरच एक काल्पनिक पडदा उभा करतो, प्रोग्रॅम त्या पडद्यावर चालतो, आणि तुम्ही फक्त येऊन त्या खिडक्या बघता. तुम्ही गेलात तरी पडदा तिथेच. दोन्हीकडे बसवावा लागतो, आणि दोन्हीकडच्या आवृत्त्या जवळजवळच्या हव्यात. एकीकडे पाच वर्षं जुना आणि दुसरीकडे नवा असेल तर विचित्र भांडणं होतात. मी दोन्हीकडे प्रकल्पाच्या स्वतःच्या भांडारातून घेतला. डब्यावर एकदा:

एक्सप्रा स्टार्ट :१०० --स्टार्ट=स्कॅनटेलर

लॅपटॉपवरून, पाहिजे तेव्हा:

एक्सप्रा अटॅच एसएसएच://काकू@माळा/१००

उठायचं झालं की अटॅच केलेल्या टर्मिनलमध्ये कंट्रोल-सी. घाबरू नका, फक्त तुम्ही बाहेर पडता. रेघ अर्धी ओढून सोडली तरी संध्याकाळी तिथेच सापडते. काय काय उघडं आहे ते 'एक्सप्रा लिस्ट' सांगतं, आणि खरंच संपवायचं तर 'एक्सप्रा स्टॉप :१००'. १०० हा आकडा मी ठरवलेला. दहाच्या आसपासचे टाळा, ते एसएसएच वापरतं.

वेगातही फरक पडतो. एक्सप्रा बदललेला भाग दाबून, जोडणी मंद असेल तर थोडा धूसर करून पाठवतो, आणि पडदा स्थिर झाला की स्पष्ट चित्र पाठवतो. पान सरकवताना क्षणभर मोतीबिंदू झाल्यासारखं दिसतं, मग अनुस्वारसुद्धा स्वच्छ. तपासणीच्या कामात त्या क्षणी घाई करू नका, 'घ' आणि 'ध' त्याच धुक्यात चुकतात.

एसएसएच -वाय मी आता फक्त पटकन काही बघून बंद करायचं असेल तेव्हाच वापरते.

अख्खा डेस्कटॉप हवाच असेल तर

आमच्या ग्रंथपालबाईंना एकेक खिडकी मानवत नाही. त्यांना खाली पट्टी, डावीकडे फोल्डर, असा पूर्ण संसार लागतो. त्यांच्यासाठी व्हीएनसी, म्हणजे दूरच्या मशिनचा अख्खा पडदा दाखवणारी व्यवस्था. डब्यावर टायगरव्हीएनसीचा सर्व्हर आणि एक्सएफसीई हा हलका डेस्कटॉप बसवला.

व्हीएनसीसर्व्हर :१ -लोकलहोस्ट यस -जॉमेट्री १३६६एक्स७६८

पहिल्यांदा तो पासवर्ड मागतो. जुन्या पद्धतीच्या या पासवर्डची पहिली आठच अक्षरं मोजली जातात, पुढे नातवंडांची नावं लिहिलीत तरी व्यर्थ. म्हणूनच 'लोकलहोस्ट यस' महत्त्वाचं: व्हीएनसी फक्त डब्याच्या आतूनच दिसेल, बाहेर उघडं राहणार नाही. पोर्ट ५९०० अधिक पडद्याचा नंबर, म्हणजे इथे ५९०१. तिथे पोचायचं एसएसएचच्या बोगद्यातून:

एसएसएच -एल ५९०१:लोकलहोस्ट:५९०१ माळा

एल मोठा. मग लॅपटॉपवरचा व्हीएनसी व्ह्यूअर 'लोकलहोस्ट:५९०१' ला जोडा. नुसता राखाडी पडदा आला तर व्हीएनसी चालू आहे, पण त्याला डेस्कटॉप सुरू करायला कुणी सांगितलेलं नाही. व्हीएनसीच्या सेटिंगच्या फोल्डरमधल्या (जुन्या आवृत्त्यांत डॉट-व्हीएनसी) एक्सस्टार्टअप फाइलमध्ये 'एक्झेक स्टार्टएक्सएफसीई४' ही ओळ घाला आणि फाइल चालवण्याजोगी करा. बंद करायला 'व्हीएनसीसर्व्हर -किल :१'. सगळे विंडोजवाले असतील तर एक्सआरडीपी (विंडोजच्या रिमोट डेस्कटॉपशी जुळणारा सर्व्हर) सोपं पडेल, त्यांच्याकडे जोडणारा प्रोग्रॅम आधीच असतो. तेही ३३८९ पोर्ट जगाला न उघडता.

त्रिमितीय चित्रांचे प्रोग्रॅम असतील तर व्हर्च्युअलजीएलकडे बघा. आमच्या मासिकांना दोनच मिती आहेत.

डोळे लागत नाहीत तिथे

काही प्रोग्रॅम खिडकी मागतात, पण बघायला कुणी लागत नाही. रात्री आपोआप चालणारं काम असं असेल तर त्याला खोटा पडदा द्या:

एक्सव्हीएफबी-रन -ए, आणि पुढे प्रोग्रॅमचं नाव

सगळं मेमरीत रंगवलं जातं, कुणी बघत नाही, प्रोग्रॅम खूश. पण त्याआधी खिडकी खरंच लागते का ते तपासा. लिबरऑफिस '--हेडलेस' लावून मुकाट पीडीएफ करून देतं. मजकूर ओळखणारं टेसरॅक्ट मुळात कमांडवरच चालतं. मराठीचं पॅकेज टाकून '-एल एमएआर' दिलं की पुरे, इथे एल लहान. आम्ही दिवसा पानं सरळ करतो आणि रात्री टेसरॅक्टला जुंपतो.

सकाळी निकाल तयार असायला हवा, पण सुरुवातीचे काही दिवस तो नसायचा. एक्सप्राचं सेशनही गायब. जोडणी तुटल्यावर ते टिकतं, पण वीज गेल्यावर टिकत नाही. लॉग बघितला तर डबा रोज संध्याकाळी आठ-सव्वाआठला मरत होता. आठला वाचनालय बंद होतं, आणि आमचे शिपाईमामा जाताना दिवे-पंखे बघून मेन स्विच खाली करतात. चाळीस वर्षांची शिस्त. माळ्यावरच्या डब्याला दिवाही लागत नाही आणि पडदाही नाही, तो चालू आहे हे त्यांना कळणार कसं?

मी मामांना फोन करून सगळं समजावलं. वायरमनकडून माळ्याची लाइन वेगळी करून घेतली. पुढच्या खेपेला गेले तर त्या नव्या स्विचवर चिकटपट्टीने लावलेला कागद होता, मामांच्या ठसठशीत अक्षरात: 'हा बंद करू नये. काकू आत काम करत आहेत.'